पोच न घेतलेले पत्र

मुकादम सरांविषयी लिहायचे तर सुरुवात माझ्या अपराधापासून करावी लागते, आणि म्हणूनच हे लिखाण इतकी वर्षे राहून गेले. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या हातात दिलेले एक पत्र मी आवक नोंदवहीत चढवले नाही. ते साहेबांपुढे ठेवले नाही. आणि पाच दिवसांनी, त्यांच्याच शाळेच्या व्हरांड्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत, "असे पत्र आल्याची आवकला नोंद नाही," असे मी साहेबांना सांगितले. नोंद खरोखरच नव्हती. नोंद करणारा मीच होतो. शब्दशः खऱ्या असलेल्या त्या एका वाक्याच्या आडोशाला मी अकरा वर्षे राहिलो. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही, मित्रांना सांगितली नाही.

इब्राहिम मुकादम हे न्हावा शेव्याच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या एका गावातल्या खासगी मराठी माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. गावाचे नाव लिहीत नाही. त्या गावावर माझे आणखी उपकार नकोत. मी तेव्हा शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात लिपिक होतो आणि आवक-जावकचे टेबल माझ्याकडे होते. सरांच्या शाळेला मान्यता मिळाली ती 'कायम विनाअनुदानित' या अटीवर. म्हणजे शाळा काढा, चालवा, पण शिक्षकांचा पगार सरकार कधीही देणार नाही. पुढे सरकारने त्यातला 'कायम' हा शब्द काढून टाकला. अशा शाळांचे मूल्यांकन करायचे, ज्या पात्र ठरतील त्यांच्या शिक्षकांना टप्प्याटप्प्याने पगार सुरू करायचा, असे ठरले. तोवर त्या शाळांतले शिक्षक कशावर जगत होते, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात नव्हता.

सर उंच होते आणि उंच माणसे लहान दारांच्या घरांत राहून जशी वाकतात तसे किंचित वाकलेले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मे महिन्यातही मनगटाशी बटण लावलेले. शर्टाच्या खिशात पेनाबरोबर खडूचे तुकडे असत, त्यामुळे खिशाचा तळ निळ्या-पिवळ्या ठिपक्यांनी रंगलेला. कार्यालयात ते खडूसकट येत. एकदा सही करायला साहेबांनी पेन मागितले आणि सरांनी घाईत हिरवा खडू पुढे केला. साहेब हसले नाहीत. सर मात्र जिना उतरेपर्यंत हसत होते.

आमच्याकडे येणाऱ्या मुख्याध्यापकांना उभे राहायची सवय असे. अनुदानित शाळेचे मुख्याध्यापक टेबलाला टेकून उभे राहत, विनाअनुदानितचे टेबलापासून हातभर दूर. एका दुपारी सर असेच दूर उभे होते. बराच वेळ झाला होता. बाजूची खुर्ची रिकामी होती, ती मी पायाने त्यांच्याकडे सरकवली. हाताने नव्हे, पायाने. तरी त्यांनी ती गोष्ट मनात ठेवली. पुढच्या खेपेस ते म्हणाले, "साळवी भाऊसाहेब, एकवीस वर्षं या जिन्यानं चढतोय. बसा म्हणणारे तुम्ही पहिले." मी बसा म्हटलेही नव्हते. पण तेव्हापासून मी त्यांचा माणूस झालो. बरोबरच्या शिक्षकांना ते माझी ओळख करून देत, "हे आपले भाऊसाहेब. कार्यालयात आपलं माणूस आहे."

या ओळखीचा एक परिणाम असा झाला की त्यांनी माझ्याकडून पोच घेणे सोडले. सरकारी कार्यालयात कागद देणारा मनुष्य दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडत नाही. सख्खा भाऊ टेबलावर असला तरी पोच घ्यावी, असे जुने लोक सांगत. सरांच्या बरोबर कधी कधी भोईर सर असत. ते गणित आणि विज्ञान शिकवत. बुटके, सावळे, बोलायला तिखट. शाळा सुटली की ते कंटेनर यार्डात गेटवर गाड्यांचे नंबर टिपायचे काम करत, कारण शाळेतून मिळे त्यात घर चालणे शक्य नव्हते. ते सरांना माझ्यासमोरच म्हणत, "सर, पोच घ्या. कागद हाय तो. कागदाला मानूस कलत नाय."

"भोईर, अहो, हातात दिलंय त्यांच्या," सर म्हणत.

"म्हनूनच सांगतंय, घ्या."

सर हसून पिशवी खांद्याला लावत. मलाही हसू येई, आणि खरे सांगायचे तर बरे वाटे.

त्यांच्या शाळेत मी पहिल्यांदा गेलो तो वार्षिक तपासणीच्या वेळी, साहेबांबरोबर. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला जेवण घालायचे ही रीत होती आणि खाडीकाठच्या शाळेत जेवण म्हणजे काय, याची कल्पना साहेबांनी गाडीतच करून ठेवली होती. "साळवी, पापलेट असेल की कोळंबी?" त्यांनी दोनदा विचारले. एकची सुट्टी झाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक सतरंजी अंथरली गेली आणि पाच शिक्षकांनी पाच डबे मध्ये ठेवले. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचे बिरडे, एका डब्यात सुकटीची चटणी, एकात नुसता भात आणि लोणचे. सर म्हणाले, "साहेब, आमच्यात डबे मोडून खायची पद्धत आहे. ज्याच्या डब्यात कमी त्याला आधी वाढायचं. आज पाहुणे म्हणून तुमच्या डब्यात काहीच नाही, तेव्हा तुम्हाला सगळ्यांत आधी." साहेबांनी अर्धी भाकरी खाल्ली. सर आणि भोईर सर एकाच डब्यातून जेवत होते. न बघता एकमेकांच्या पुढ्यातले उचलत होते, घरातली माणसे उचलतात तसे. परतीच्या वाटेवर साहेब एवढेच म्हणाले, "फार शिष्ट आहे तुमचा मुकादम."

तो 'तुमचा' मला टोचला. मी म्हणालो, "माझा कसला, साहेब!"

त्या दिवशी मी त्यांना वर्गातही पाहिले. इतर शाळांत फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार असतो. सरांच्या शाळेत भरती-ओहोटीच्या वेळा असत. निम्मी मुले खाडीच्या कडेकडेच्या पायवाटेने येत, ती वाट भरतीला बुडे. त्यामुळे परत कधी निघायचे हे मुलांना फळ्यावरून कळे. सर रोज पंचांगावरून हिशेब मांडून ते लिहीत. मी मागच्या बाकाशी उभा असताना एक मुलगा उठून म्हणाला, "सर, चुकलाव तुमी. बाराला नाय, साडेबाराला येल पानी."

"कशावरून रं?"

"आजा बोलला."

"तुझा आजा बोलला म्हनजे झालं," म्हणून सरांनी बाहीनेच फळा पुसला आणि साडेबारा लिहिले. आमच्याशी बोलताना त्यांची मराठी पाठ्यपुस्तकासारखी स्वच्छ असे आणि मुलांशी बोलताना ती सहज गावची होऊन जाई. एक मुलगा अनवाणी होता. "काय रं, पायान चपला नाय?" "चिखलान रायल्या, सर." "दोन्ही?" "एकच. पन एक घालून कसं येऊ?" सगळा वर्ग हसला. सरांनी गंभीरपणे मान डोलवली, जणू प्रमेय पटले.

त्यांच्या कपाटात एक जुने शेरेबुक होते. इंग्रजी अमदानीत त्यांच्या पणजोबांनी आणि गावातल्या एका आगरी खोताने मिळून मशिदीच्या बाजूच्या पडवीत खासगी शाळा काढली होती आणि तिला त्या वेळच्या सरकारचे अनुदान होते. ती शाळा पुढे बंद पडली, पण तपासणीला येणारे अधिकारी ज्यात शेरे लिहीत ते पुस्तक मुकादमांच्या घरात राहिले. काही पाने मोडीत, काही इंग्रजीत. कोणी मचव्यातून आला, कोणी चिखलात घोडा रुतला म्हणून चालत आला. एकाने लिहिले होते की छप्पर गळते, नकाशा नाही, परंतु मुले न अडखळता वाचतात, सबब अनुदान चालू ठेवावे. सर ते पान पाहुण्यांना दाखवत आणि मग लगेच दुसरे उघडत. त्या दुसऱ्या पानावर अनुदान तोडल्याचा शेरा होता. कारण, मास्तरांनी योग्य प्रकारे सलाम केला नाही.

"दोन्ही पानं वाचायची," ते मला म्हणाले. "नुसतं पहिलं वाचलं तर माणूस म्हणेल, परक्याचं राज्य बरं होतं. नुसतं दुसरं वाचलं तर म्हणेल, सरकार सगळं सारखंच. परक्याच्या सरकारात एक माणूस चिखल तुडवत येऊन बसला आणि त्यानं मुलाला धडा वाचायला लावला. तेवढं एक चांगलं होतं. तुमच्या तक्त्यात मुलाला वाचायला लावायचा रकाना आहे का हो, भाऊसाहेब?"

मी आठवून पाहिले. आग विझवण्याच्या यंत्राचा होता. कुंपणाचा होता. वाचनाचा नव्हता.

"मग आम्ही यंत्र आणतो," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी गावातून वर्गणी काढून यंत्र आणले. कुंपण गावकऱ्यांनी घातले. प्रयोगशाळेची कपाटे भोईर सरांनी सुट्टीत स्वतः बनवली, यार्डात टाकून दिलेल्या फळ्यांची. मूल्यांकनाच्या तक्त्यातली एकेक ओळ त्या पाच माणसांनी दोन वर्षे खपून भरून काढली. उरली होती ती फक्त मूल्यांकनाच्या दिवसाची उपस्थिती.

मूल्यांकनाची तारीख ठरली आणि त्याच सुमारास उधाणाच्या भरतीने गावचा बांध फुटला. खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून त्या गावांत मातीचा लांब बांध असतो. त्याला खांड पडली, म्हणजे भगदाड पडले, की ते पुढच्या उधाणाच्या आत बुजवावे लागते, नाहीतर शेत तीन-तीन वर्षे पीक देत नाही. आणि बुजवायचे तर मधल्या भांगाच्या दिवसांतच, जेव्हा भरती कमी चढते. घरटी सगळी माणसे त्या दिवशी बांधावर जातात. मोठी मुले चिखलाचे गोळे हातोहात पुढे देतात. ही रीत शाळेहून जुनी. भांगाचा तो दिवस आणि मूल्यांकनाचा दिवस एकच आला.

सर पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. सुवाच्य अक्षरात एक पान. तारीख दोन दिवस पुढे न्यावी, कारण अमुक. मी वाचले. ते म्हणाले, "एवढं साहेबांच्या कानावर घाला, भाऊसाहेब. समुद्राची तारीख आम्हाला बदलता येत नाही, तुमची येते."

"घालतो," मी म्हणालो. त्या दिवशी भोईर सर बरोबर नव्हते. पोचीचा विषयही निघाला नाही.

साहेबांचा दौरा मीच आखला होता. गाडी मिळवली होती, सात शाळांचा क्रम लावला होता. एक शाळा हलवायची तर सगळाच क्रम बदलणार होता आणि दौरा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून साहेब रजेवर जाणार होते. त्या सकाळी ते आधीच कोणावर तरी ओरडत होते. माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. मी केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. दुपारी देऊ, असे ठरवले. दुपारी म्हणालो, उद्या. उद्या उजाडले तेव्हा 'हे काल का नाही दिलंत?' या प्रश्नाला उत्तर उरले नव्हते. मी ते पत्र 'किरकोळ' असे लिहिलेल्या फाइलच्या तळाशी ठेवले. फाडले नाही. पुढे निंदणीत, म्हणजे नको असलेले जुने कागद वेचून नष्ट करतात त्यात, ती फाइल गेली. मला पैसे कोणी दिले नव्हते, दबाव आणला नव्हता. मला एका ओरड्याची भीती वाटली. इतक्या लहान कारणासाठी मी ते केले.

आदल्या दिवशी शेजारच्या गावचे मुख्याध्यापक सरांकडे गेले होते. हे त्यांनीच पुढे आमच्या कार्यालयात हसत हसत सांगितले. "मी म्हटलं, मुकादम, तीस पोरं टेम्पोत घालून पाठवतो, गणवेश सारखाच आहे. परवा माझ्याकडे येतील तेव्हा तुझी पाठव. तर म्हणतो कसा, माझी मुलं माझ्या पटावर गैरहजर चालतील, तुमची माझ्या पटावर हजर नकोत. घ्या आता!" उसनी मुले बसवणे ही तेव्हा इतकी सर्रास गोष्ट होती की नकार देणारा माणूसच विनोदी ठरला.

आम्ही पोचलो तेव्हा दहावीच्या चाळीस मुलांपैकी अकरा बाकांवर होती. हजेरीपटावर बाकीच्यांसमोर लाल शाईत गैरहजर, आणि कारणाच्या जागी 'बांधावर'.

"हे काय लिहिलंय, मुख्याध्यापक?" साहेबांनी विचारले.

"आहेत तिथं, म्हणून. इथून दिसतात, साहेब."

खरेच दिसत होती. व्हरांड्यातून पाहिले की दूरवर चिखलात माणसांची रांग होती आणि तिच्यात शाळेच्या गणवेशाच्या निळ्या पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. सर म्हणाले, "दहा मिनिटांचं चालणं आहे. चला, तिथं मोजा. नावानं हाक मारतो, एकेक जण ओ देईल."

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिले. "तक्त्यात वर्गातली उपस्थिती विचारली आहे. आणि असं होतं तर आधी कळवायचं."

"कळवलं होतं. पत्र दिलं होतं."

साहेब माझ्याकडे वळले. "साळवी, असं काही पत्र आलं होतं आपल्याकडे?"

भोईर सर दाराच्या चौकटीत उभे होते. मी कोणाकडेही न बघता म्हणालो, "आवकला नोंद नाही, साहेब."

मग जे झाले ते मला रोज ऐकू येते. भोईर सर पुढे आले आणि म्हणाले, "सर, तुमी दिलाव ना पत्र? कोनाकडे दिलाव? सांगा ना!" मी मुकादम सरांकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित तिथेच मोडलो असतो. ते साहेबांना म्हणाले, "माझ्याकडूनच राहिलं असावं, साहेब. पिशवीत राहिलं असेल."

पटावर एक खोटे पोर बसू न देणाऱ्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेले हे एकमेव खोटे, आणि ते माझ्यासाठी होते.

शाळा अपात्र ठरली. पुढचे मूल्यांकन व्हायला कितीतरी वर्षे गेली. कधी धोरण बदलले, कधी त्रुटींच्या याद्या निघाल्या. दरम्यान मला बढती मिळाली. साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात 'विश्वासू' असा शब्द लिहिला होता. भोईर सर वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करून निवृत्त झाले. आयुष्यभर शिकवूनही सरकारी पगाराचा एक महिना त्यांच्या वाट्याला आला नाही. त्या वर्षी शाळा पात्र ठरती तर निदान चार वर्षे तरी आला असता. मुकादम सरही तसेच निवृत्त झाले, पण संस्थेचे चिटणीस म्हणून शाळेत येत राहिले. कार्यालयात आले की माझ्या टेबलाशी थांबत, माझ्या मुलीची चौकशी करत, कागद देत. एवढेच की आता ते पोच घेत. कागद पुढे करून शांतपणे दुसरी प्रत खाली धरत. मी शिक्का मारत असे. 

गेल्या वर्षी शाळेला अनुदानाचा पहिला टप्पा मिळाला. फाइल माझ्या टेबलावरून गेली होती म्हणून मला समारंभाला बोलावले. सरांनी भाषणात माझे नाव घेतले. "ज्या काळात आम्हाला कोणी बसा म्हणत नव्हतं, त्या काळात यांनी खुर्ची दिली," असे ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मला शाल आणि श्रीफळ दिले. माईक माझ्या हातात होता. बोलायचे ठरवूनच मी गेलो होतो. मी म्हणालो, "हे सगळं आपल्या सर्वांच्या सहकार्यामुळे झालं," आणि खाली बसलो. पहिल्या रांगेत भोईर सरांना शोधले. ते आले नव्हते.

ती शाल घरात कुठे ठेवावी, हे मला कळेना. पत्नीने विचारले, काय झाले. मी पहिल्यांदा सगळे सांगितले. तिने शालीची घडी घातली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

सर आता नेरूळला मुलीकडे असतात. खांदेश्वरच्या माझ्या घरून लोकलने अर्ध्या तासाची वाट आहे, ती धरायला मला आणखी तीन आठवडे लागले. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते नातवाच्या वहीत गणिते तपासत बसले होते. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "सर, ते पत्र..."

"हो," ते म्हणाले. "बसा ना, भाऊसाहेब."

"त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांनी वही मिटली. "मुलगा कॉपी करताना सापडला की त्याचा चेहरा कसा होतो, ठाऊक आहे? तुमचा तसा झाला होता. अशा वेळी त्याला चारचौघांत उभं करायचं नसतं. थांबायचं. तो आपणहून येतो. साधारण आठवडाभरात येतो." ते हसले. "तुम्ही जरा उशीर केलात."

मी माफी मागायला तोंड उघडले, तर त्यांनी हात वर केला. वर्गात करत तसा. "मला नको. मुलगा आला की मी त्याला माझ्यापुढं माफी मागू देत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे पाठवतो."

"भोईर सर?"

ते खाली रस्त्याकडे पाहत राहिले. "भोईर माझ्याशी बोलत नाहीत. त्या दिवसापासून. दुसऱ्या दिवशी डबा वेगळा घेऊन बसले. एका खोलीत चार वर्षं, पाठीला पाठ. त्यांना वाटतं, पत्र माझ्या पिशवीत राहिलं आणि माझ्या विसराळूपणापायी त्यांचा संसार गेला. बरोबर आहे त्यांचं. मीच तसं म्हणालो होतो."

"तुम्ही नंतर तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर ते तासाभरात तुमच्या टेबलावर आले असते. तुम्हाला माहीत नाहीत भोईर. मग तुमची नोकरी, त्यांच्यावर पोलीस केस. शाळेला त्यातून काय मिळालं असतं? आणि दुसरं असं, की पोच घ्या म्हणून ते मला सांगत होते. मी घेतली नाही. तेवढी चूक माझीच आहे." मग स्वर किंचित खाली आला. "एक सांगतो, भाऊसाहेब. पगार गेला त्याचं मला एवढं वाटत नाही. घरची वाडी आहे, चाललं. जेवताना समोर कोणी नसतं, ते वाटतं."

अकरा वर्षे मला वाटत होते की मी शाळेचे अनुदान हिरावले. त्या माणसाचा एकुलता एक मित्र मी हिरावला होता, हे मला त्या गॅलरीत कळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे न्हावा शेव्याला गेलो. भोईर सर अजून त्याच यार्डात, त्याच गेटवर आहेत. दुपारची वेळ. ट्रेलरांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, इंजिने चालू, धूळ. सर रस्त्याच्या अलीकडे एका टपरीपाशी थांबले. "मी इथवर," ते म्हणाले. "पुढं तुम्ही एकटे." मी रस्ता ओलांडून मागे पाहिले. ते पाठ करून उभे होते, किंचित वाकलेले, मनगटाची बटणे लावलेली. त्यांचे खांदे तेवढे माझ्या दिशेला कान दिल्यासारखे वाटत होते.

भोईर सर पत्र्याच्या खोलीतून बाहेर आले. केस पांढरे झालेले. मला त्यांनी ओळखले. "काय सालवी साहेब? इथं काय काम?" मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा आवळला. "त्यांना कशाला आनलाव?"

मी जे बोलायचे ते पाठ करून आलो होतो. हळू आवाजात बोललो, जन्मभर बोलत आलो तसा. मागच्या ट्रेलरने हॉर्न दिला.

"काय बोलताव? ऐकू नाय येत. मोठ्यानं बोला."

मी पुन्हा बोललो. त्यांनी कानामागे हात धरला. दोन ड्रायव्हर खाली उतरून आमच्याकडे पाहू लागले होते.

"अहो मोठ्यानं! घाबरताव कोनाला?"

तेव्हा मी, आयुष्यात कधी चढवला नाही इतका आवाज चढवून, त्या गेटवर, त्या सगळ्या लोकांसमोर ओरडलो, "भोईर सर, मुकादम सर पत्र विसरले नव्हते. त्यांनी ते माझ्या हातात दिलं होतं. मी ते दाबून ठेवलं आणि त्यांच्या तोंडावर नोंद नाही म्हणालो. ते खोटं बोलले ते मला वाचवायला. तुमची वर्षं मी घेतली, त्यांनी नाही. मला माफ करा."